आठ कोअर आहेत, मग आवाज तुटतो का?



ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं त्यांच्यासाठी, हा लिखित मजकूर. बोलताना आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे हिशोब जरा सावकाश मांडलाय. बाकी गप्पा त्याच.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आलाय. हा मुलगा फोनवर गाणी रेकॉर्ड करतो. इअरफोनमध्ये स्वतःचा आवाज थोडा एको लावून ऐकत ऐकत गातो. त्याचं म्हणणं असं: "ताई, फोन आठ कोअरचा आहे. सीपीयू किती वापरला जातोय ते बघितलं तर पावसुद्धा नाही. तरी मधेच टक् टक् होतं, आवाज तुटतो. हप्त्यावर जास्त भारी प्रोसेसरवाला फोन घेऊ का?"

हप्त्याचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर घाईत द्यायचं नाही. पण थोडक्यात सांगायचं तर: कोअर विकत घेता येतात, पण त्या कोअरपर्यंत डेटा वेळेत पोचवणं हे वेगळंच काम आहे आणि खरी कसोटी तिथे लागते. हे फोनमध्येही खरं आहे, मोबाइल टॉवरमध्येही, आणि आपल्या नारायणगावजवळच्या रेडिओ दुर्बिणीतसुद्धा. आज तिन्ही ठिकाणी जाऊ आणि शेवटी या मुलाला उत्तर देऊ.

न थांबणारा डेटा

आधी सिग्नल म्हणजे काय ते बघू. माइकसमोर तुम्ही 'सा' लावलात. हवेचा दाब खालीवर होतोय. फोन तो दाब सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो. प्रत्येक मोजमाप म्हणजे एक आकडा, त्याला सॅम्पल म्हणतात. आता या आकड्यांवर गणित करायचं: खरखर काढायची, एको लावायचा, आवाज थोडा भरदार करायचा. हेच डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे डीएसपी.

फोन एकेक सॅम्पल हाताळत बसत नाही. तो गठ्ठा करतो. समजा ४८० सॅम्पलचा गठ्ठा केला, तर तो बरोबर १० मिलिसेकंदांचा आवाज झाला. अशा दोन टोपल्या असतात. एक टोपली भरत असते, तेवढ्यात दुसरीतल्या मालावर गणित चालतं. मग अदलाबदल.

इथे नियम एकच. गणित १० मिलिसेकंदांच्या आत संपलं पाहिजे. नऊ लागले तरी चालेल. अकरा लागले तर पुढची टोपली भरून दारात उभी असते आणि इअरफोनला द्यायला हातात काहीच नसतं. तो जो रिकामा क्षण, तोच तुम्हाला 'टक्' असा ऐकू येतो.

आता गंमत बघा. शंभरातल्या ९९ टोपल्या दोन मिलिसेकंदांत झाल्या आणि एक बारात, तर सरासरी २.१ येते. कागदावर फोन झोपा काढतोय! पण गाणं तुटलं ते तुटलंच. वेब पेज उघडायला अर्धा सेकंद जास्त लागला तर आपण थांबतो. सिग्नल थांबत नाही. म्हणून डीएसपीमध्ये सरासरी वेळ कोणी विचारत नाही, सगळ्यात वाईट वेळ किती ते विचारतात. आमच्या बीटेकला डीएसपी हा अख्खा विषय होता. आकृत्या काढून काढून हात दुखले, पण ही एक गोष्ट त्या सबंध सेमिस्टरमध्ये कानावर आली नाही.

गुणा आणि बेरजेत टाका

डीएसपीमधलं बरंचसं गणित एकाच क्रियेवर चालतं: दोन आकडे गुणा, उत्तर आधीच्या बेरजेत मिळवा. पुन्हा तेच. २५६ गुणकांचा एक साधा फिल्टर घ्या. प्रत्येक सॅम्पलसाठी २५६ गुणाकार. सेकंदाला ४८,००० सॅम्पल. म्हणजे १ कोटी २३ लाखांच्या आसपास गुणाकार, तेही एका कानासाठी.

दुसरं मोठं काम म्हणजे आवाजात कोणकोणत्या कंपनसंख्या आहेत ते शोधणं. सरळ पद्धतीने १,०२४ सॅम्पलसाठी १०,४८,५७६ गुणाकार लागतात. १९६५ मध्ये कूली आणि ट्युकी या दोघांनी जी युक्ती प्रसिद्ध केली, तिने तेच काम सुमारे ५,१२० गुणाकारांत होतं. तीच फास्ट फुरिये ट्रान्सफॉर्म, एफएफटी. दोनशे पट बचत, आणि तीही नवीन चिप न घेता! पुढे कोअरची चर्चा करताना हे लक्षात ठेवा. चांगली पद्धत आधी, जास्त कोअर नंतर.

मग एकच कोअर जोरात का पळवत नाहीत?

पळवत होते की. बराच काळ दरवर्षी घड्याळाचा वेग वाढायचा आणि जुना प्रोग्राम आपोआप वेगात चालायचा. मग भिंत लागली ती उष्णतेची. इंटेलचं पेंटियम ४ हे प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचलं आणि ४ गिगाहर्ट्झचं ठरलेलं मॉडेल कंपनीने २००४ मध्ये रद्द केलं. पुढच्याच वर्षी साध्या डेस्कटॉपसाठी दोन कोअरचे प्रोसेसर बाजारात आले.

यामागचा हिशोब सोपा आहे. चिपला लागणारी वीज ढोबळमानाने व्होल्टेजचा वर्ग गुणिले वेग या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणजे दोन्हीकडून मार. आता उलट करू. वेग निम्मा केला आणि त्यामुळे व्होल्टेज समजा ८० टक्क्यांवर आणता आलं. एका कोअरची वीज झाली ०.५ गुणिले ०.६४, म्हणजे ०.३२. असे दोन कोअर लावले तर ०.६४. काम तितकंच, वीज जवळजवळ दोन तृतीयांश. बॅटरीवर चालणाऱ्या फोनला आणि उन्हात उभ्या टॉवरला आणखी काय हवं?

पण या हिशोबात एक वाक्य हळूच घुसवलंय: 'काम तितकंच.' दोन कोअरमध्ये काम बरोबर निम्मं वाटता आलं तरच हे खरं. आणि काम वाटणं म्हणजे काय, हे ज्यांनी घरच्या कार्यात स्वयंपाक बघितलाय त्यांना सांगायला नको.

पोळ्या करायच्या दोन पद्धती

दोनशे पोळ्या करायच्यात, हाताशी चार माणसं आहेत. पहिली पद्धत: एकाने कणीक मळायची, दुसऱ्याने लाटायची, तिसऱ्याने भाजायची, चौथ्याने तूप लावून घडी घालायची. याला पाइपलाइन म्हणतात. काम एकाकडून पुढच्याकडे सरकतं. यात दोन गोष्टी होतात. एक, सगळ्यांचा वेग सगळ्यात हळू माणसाइतकाच राहतो. लाटणारा कितीही तरबेज असला तरी तव्यावर जागा नसेल तर लाटलेल्या पोळ्यांचा ढीग होतो. दोन, पहिली पोळी ताटात पडायला चारही टप्प्यांची वाट बघावी लागते.

दुसरी पद्धत: चौघांना चार तवे द्या, प्रत्येकाने पन्नास पोळ्या अथपासून इतिपर्यंत करा. ही डेटा वाटण्याची पद्धत. कोणी कोणासाठी अडत नाही. पण चार तवे, चार शेगड्या आणि मुख्य म्हणजे पिठाचा डबा एकच असेल तर सगळे त्याच डब्यापाशी गर्दी करणार.

यात आणखी एक अडचण. काही काम वाटताच येत नाही. जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये हा मुद्दा मांडला. समजा एकूण कामातला २० टक्के भाग एकानेच करायचा आहे आणि ८० टक्के वाटता येतो. आठ कोअर लावले तर वेळ होतो ०.२ अधिक ०.१, म्हणजे ०.३. वेग वाढला ३.३ पट, आठ पट नाही. हजार कोअर लावा, लाख लावा, पाच पटीच्या पुढे जाता येत नाही. कारण ते २० टक्के तिथेच बसलेले असतात.

आठ कोअरची एक खरी चिप

आता तोंडी गप्पा पुरे, एक खरी चिप उघडू. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०१० मध्ये टीएमएस३२०सी६६७८ नावाची चिप जाहीर केली. खास सिग्नल प्रोसेसिंगसाठी. आत आठ एकसारखे डीएसपी कोअर. १.२५ गिगाहर्ट्झला प्रत्येक कोअर एका ठोक्यात १६-बिटचे ३२ गुणाकार-बेरीज करू शकतो. दशांश अपूर्णांकांचं गणित असेल तर आठही कोअर मिळून सेकंदाला १६,००० कोटी क्रिया. जाहिरातीत हाच आकडा मोठ्या अक्षरात असतो.

आता जाहिरातीत मोठ्या अक्षरात नसतो तो आकडा बघू. ही चिप बाहेरच्या डीडीआर३ मेमरीशी जास्तीत जास्त सेकंदाला १,२८० कोटी बाइट्सची देवाणघेवाण करते. एक दशांश आकडा चार बाइट्सचा, म्हणजे सेकंदाला ३२० कोटी आकडे. १६,००० भागिले ३२० किती? पन्नास.

या पन्नासाचा अर्थ असा: बाहेरून आणलेल्या प्रत्येक आकड्यावर किमान पन्नास क्रिया केल्या तरच आठही कोअर पूर्ण वेळ कामात राहतील. नाहीतर ते माल यायची वाट बघत हात बांधून बसणार.

मग एफएफटीचं काय होतं? २,०४८ सॅम्पलची एफएफटी घ्या. क्रियांचा नेहमीचा अंदाज १,१२,६४० येतो. आकडे किती हलले? प्रत्येक सॅम्पलला दोन भाग असतात, म्हणून आत आणले ४,०९६ आणि बाहेर ठेवले ४,०९६. एकूण ८,१९२. भागाकार केला तर प्रत्येक हललेल्या आकड्यामागे साधारण १४ क्रिया. हवे होते पन्नास! म्हणजे बाहेरून आणा, एफएफटी करा, बाहेर ठेवा असा कारभार केला तर या महागड्या चिपची ताकद चौथ्या हिश्श्याच्या आसपासच वापरली जाते. कोअर आठचे सोळा केले तरी फरक शून्य, कारण दार तेवढंच आहे.

उपाय काय? एकदा आत आणलेला माल लगेच बाहेर टाकायचा नाही. ही एफएफटी १६ किलोबाइट्समध्ये मावते. या चिपच्या प्रत्येक कोअरला अगदी जवळची ३२ किलोबाइट्सची डेटा मेमरी आहे, मग ५१२ किलोबाइट्सची थोडी लांबची, आणि सगळ्यांत मिळून ४ मेगाबाइट्सची सामायिक. तेव्हा एफएफटी झाली की तिथेच फिल्टर करा, तिथेच पुढचं गणित उरका, आणि शेवटचं उत्तर तेवढं बाहेर पाठवा. एका गठ्ठ्यावर गणित चालू असताना पुढचा गठ्ठा आणून ठेवायला चिपमध्ये वेगळी यंत्रणा असते, डीएमए. ती कोअरला त्रास न देता माल हलवते. आचाऱ्याला भाजी चिरायला आणि आणायला उठावं लागलं नाही की फोडणी करपत नाही, तसंच.

आणि इथे एक सापळा आहे. समजा कोअर १ ने सामायिक मेमरीतला एक आकडा आपल्या जवळच्या मेमरीत घेतला आणि बदलला. कोअर २ कडे त्याच आकड्याची जुनी प्रत पडून आहे. लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये हार्डवेअर स्वतःच सगळ्या प्रती जुळवून ठेवतं. या डीएसपी चिपमध्ये कोअर-कोअरमधली ही जुळवाजुळव हार्डवेअर करत नाही. प्रोग्रामरने सांगावं लागतं: आता माझी प्रत बाहेर लिही, आता तुझी जुनी प्रत फेकून दे. विसरलात तर प्रोग्राम बंद पडत नाही. तो शांतपणे कालचे आकडे वापरत राहतो.

असं का ठेवलं असेल? कारण जुळवाजुळवीला वेळ लागतो, आणि तो किती लागेल हे आधी सांगता येत नाही. मघाचं आठवा: सगळ्यात वाईट वेळ महत्त्वाची. जे आधी सांगता येत नाही, ते डीएसपीवाल्यांना नको असतं.

टॉवरवरची एक मिलिसेकंद

अशा चिप लागतात कुठे? एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे मोबाइलचा टॉवर. ४जीच्या २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येक अँटेनाकडून सेकंदाला ३ कोटी ७ लाखांवर सॅम्पल येतात. एका मिलिसेकंदाचा एक तुकडा धरतात. त्यात नेहमीच्या मांडणीत १४ चिन्हं, प्रत्येकाची २,०४८ची एक एफएफटी. चार अँटेना असतील तर दर मिलिसेकंदाला ५६ एफएफटी, आणि ही फक्त सुरुवात. मग वेगवेगळ्या फोनचे सिग्नल सुटे करायचे, वाटेत झालेली मोडतोड दुरुस्त करायची, चुका शोधायच्या.

तुमच्या फोनने पाठवलेला तुकडा नीट पोचला की नाही, याचं उत्तर टॉवरने चौथ्या मिलिसेकंदाला द्यायचं असतं. म्हणजे हातात फक्त तीन. उत्तर गेलं नाही तर तोच तुकडा पुन्हा पाठवावा लागतो आणि तुमचं रील गोल गोल फिरत बसतं.

इथे पोळ्यांच्या दोन्ही पद्धती एकत्र वापरता येतात. वेगवेगळ्या अँटेनाच्या एफएफटी वेगवेगळ्या कोअरना: डेटा वाटला. सुटे करण्याचं काम पुढच्या कोअरकडे: पाइपलाइन झाली. आणि चुका दुरुस्त करण्याचं जे फार किचकट, पण ठरलेलं काम असतं, ते बऱ्याचदा कोअरला देतच नाहीत. त्यासाठी चिपवर वेगळं पक्कं सर्किट ठेवतात. ते दुसरं काही करू शकत नाही, पण एवढं एक काम कमी विजेत आणि ठरलेल्या वेळात करतं.

खोडदच्या तीस तबकड्या

आता टॉवरवरून उतरून पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगावला जाऊ. तिथून जवळ, जुन्नर तालुक्यात खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे, जीएमआरटी. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली आणि पुण्याची एनसीआरए ही संस्था चालवते ती दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या.

या सगळ्या मिळून एकच मोठी दुर्बीण होते ती गणिताने. प्रत्येक तबकडीचा सिग्नल बाकी प्रत्येक तबकडीच्या सिग्नलशी गुणायचा आणि बेरीज करत जायची. तेच आपलं गुणा-आणि-मिळवा! ३० तबकड्यांच्या जोड्या ४३५ होतात. हे काम करणाऱ्या यंत्रणेला कोरिलेटर म्हणतात.

सुरुवातीला हे काम खास बनवलेलं हार्डवेअर करायचं. मग जीएमआरटीच्या गटाने बाजारात मिळणाऱ्या साध्या भागांतून सॉफ्टवेअरवर चालणारी यंत्रणा उभी केली आणि २०१० मध्ये तिच्याबद्दल शोधनिबंध प्रसिद्ध केला. लिनक्सवर चालणारे ४८ संगणक, प्रत्येकाला नेटवर्कच्या दोन गिगाबिट जोडण्या, आणि ३२ अँटेनांचा ३३ मेगाहर्ट्झचा पट्टा जसा येईल तसा, थेट हाताळायचा.

हिशोब करू. ३३ मेगाहर्ट्झसाठी सेकंदाला किमान ६ कोटी ६० लाख सॅम्पल. ३० तबकड्या, प्रत्येकीचे दोन सिग्नल, म्हणजे ३९६ कोटी सॅम्पल दर सेकंदाला. नंतरच्या जोड्यांच्या गुणाकारात, ४३५ जोड्या आणि दोन सिग्नल धरले, तर सेकंदाला २,८७१ कोटी गुणाकार-बेरजा. त्याही दोन भागांच्या आकड्यांच्या, त्यामुळे साध्या क्रिया मोजल्या तर आठ पट. मघाची आठ कोअरची चिप पूर्ण ताकदीने चालली तरी एकटीला हे झेपणार नाही.

पण मला यात गणितापेक्षा माल हलवण्याची अडचण जास्त आवडते. एफएफटीसाठी एका तबकडीचा सलग काळातला डेटा एका जागी हवा. जोड्यांच्या गुणाकारासाठी सगळ्या तबकड्यांचा एकाच क्षणाचा डेटा एका जागी हवा. म्हणजे तक्ता आधी आडवा वाचायचा आणि मग उभा. मधे सगळ्यांनी सगळ्यांना डेटा द्यायचा, तोही न थांबता. नेटवर्कच्या जोडण्या शोधनिबंधाच्या सारांशातच का सांगाव्या लागल्या, ते आता कळेल.

आणि त्याच सारांशात त्यांनी प्रोग्राम जोरात पळवायचे तीन उपाय सांगितलेत: जवळच्या मेमरीचा नीट वापर, अनेक थ्रेड, आणि एका फटक्यात अनेक आकड्यांवर एकच क्रिया करणाऱ्या सूचना. थ्रेड म्हणजे कोअर. तो तीनातला एक उपाय झाला, तीनातले तीन नाही.

पुढे दुर्बिणीची सुधारणा झाली. पट्टा वाढून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. आता ३० तबकड्यांसाठी सेकंदाला किमान ४,८०० कोटी सॅम्पल. त्यासाठी कामाची नवी वाटणी केली. सॅम्पल घेऊन त्यांची पाकिटं बांधायचं काम एफपीजीए चिपकडे, आणि एफएफटी व जोड्यांचे गुणाकार जीपीयूकडे. ज्याला जे जमतं ते त्याला.

मग फोनमध्ये टक् टक् का?

आता आपल्या गायक श्रोत्याकडे येऊ. आठ कोअर, वापर पावसुद्धा नाही, तरी आवाज तुटतो. आता कारणं तुम्हीच सांगू शकाल, मी फक्त ओळीने मांडते.

पहिलं कारण: रेकॉर्डिंग ॲपचं आवाजाचं काम बहुतेक वेळा एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालतं. एको लावायचा तर आत्ताचं उत्तर मागच्या उत्तरावर अवलंबून असतं. हा ॲम्डालचा न वाटता येणारा भाग. बाकी सात कोअर नुसते बघत बसतात. पाइपलाइन केली तर? तीन टप्पे तीन कोअरवर टाकले आणि प्रत्येकाला १० मिलिसेकंदांची टोपली दिली, तर आवाज ३० मिलिसेकंद उशिरा येणार. गाताना स्वतःचा आवाज मागे पडला की ताल सुटलाच.

दुसरं कारण: फोनचे आठ कोअर एकसारखे नसतात. काही मोठे, काही छोटे. शिवाय वापर कमी दिसला की फोन वीज वाचवायला वेग उतरवतो किंवा काम छोट्या कोअरकडे सरकवतो. म्हणजे 'वापर पावसुद्धा नाही' हा दिलासा नाही, कधीकधी तेच कारण असतं!

तिसरं: ॲप नीट लिहिलेलं नसेल तर आवाजाचा थ्रेड दुसऱ्या कशाची तरी वाट बघत थांबतो. फाइल लिहायची, मेमरी मागायची, स्क्रीनवरची पट्टी हलवणाऱ्या थ्रेडने धरून ठेवलेलं कुलूप सुटायची. १० मिलिसेकंदांत वाट बघायला वेळ नसतो.

गंमत म्हणजे तुमच्या फोनमध्ये डीएसपी वेगळा असतोच, आणि तो त्या आठ कोअरमध्ये मोजलेला नसतो. क्वालकॉमच्या चिपमधला हेक्सागॉन हे त्याचं उदाहरण. २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.४ पासून तयार गाणं वाजवायचं काम अशा डीएसपीकडे सोपवायची सोय आहे, म्हणजे मोठे कोअर झोपू शकतात. स्क्रीन बंद ठेवून तुम्ही तासन् तास ऐकता आणि बॅटरी टिकते, त्यात या सोयीचा वाटा असू शकतो. पण तुमच्या गायकाच्या ॲपमधला एको साधारणपणे मुख्य कोअरवरच चालतो.

म्हणून दादा, हप्त्याचा फॉर्म भरायच्या आधी हे करून बघ. ब्लूटूथचा इअरफोन काढून वायरचा लाव, कारण ब्लूटूथचा उशीर वेगळाच असतो. बॅटरी सेव्हर बंद कर. रेकॉर्डिंग करताना फोन एअरप्लेन मोडवर टाक. ॲपमध्ये बफर किती सॅम्पलचा ठेवायचा ते विचारत असेल तर एक पायरी वाढव. १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद, ४८० म्हणजे १०, आणि १,०२४ म्हणजे २१. वाढवशील तशी टक् टक् कमी होईल, पण आवाज मागे पडेल. तुझ्या कानाला चालेल तिथे थांब. तरी नाही जमलं तर दुसरं ॲप वापरून बघ, हेच गाणं, हाच फोन. दुसऱ्या ॲपमध्ये आवाज नीट आला तर दोष तुझ्या प्रोसेसरचा नाही, हे सिद्ध झालं आणि पैसे वाचले.

आणि सगळं करूनही फोन बदलावाच लागला, तर दुकानदाराने "आठ कोअर आहेत" म्हटल्यावर मान डोलवून बाहेर पडू नकोस. तुझं ॲप त्या फोनवर टाकून, दोन मिनिटं गाऊन, कानाने ऐकून बघ. आठ कोअर बहुतेक सगळ्याच फोनमध्ये मिळतात. त्यांना वेळेवर काम पोचतंय का, हे डब्यावर छापलेलं नसतं.

ज्यांना प्रोग्रामिंग येतं त्यांच्यासाठी गृहपाठ. मोठ्या यादीतल्या आकड्यांची नुसती बेरीज करणारा प्रोग्राम लिहा आणि एक, दोन, चार, आठ थ्रेडवर चालवा. मग त्याच यादीतल्या प्रत्येक आकड्यावर शंभर गुणाकार करणारा लिहा आणि तसाच चालवा. दोन्हींचे वेळ एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. पहिला कुठे अडतो आणि दुसरा कुठपर्यंत पळतो ते दिसेल, आणि मघाचा पन्नासाचा आकडा डोक्यात पक्का बसेल.

पुढच्या भागात ब्लूटूथचा हा उशीर नक्की कुठून येतो ते बघू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटू!